चार सेकंदांत उघडलेली कॉलर

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५. सकाळी सहा चाळीस.

शिसपेन्सिलीला टोक करत होतो. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. उभी म्हणजे चौकटीला टेकून, उजव्या गुडघ्यावर भार न देता. म्हणाली, लॅपटॉप तू निवड.

आई आतून म्हणाली, नववीत शाळा सोडलेल्याला काय विचारतेस? ताई म्हणाली, छापखान्यात औषधांची लेबलं तपासतो तो. आजवर त्याच्या हातून एक चूक सुटलेली नाही. आई पोळ्यांकडे वळली. मी पेन्सिलीकडे. पण कान गरम झाले. या घरात मला इतक्या मोठ्या गोष्टीसाठी कोणी विचारल्याचं आठवत नाही.

गोष्ट खरंच मोठी आहे. नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं जागेवर राहील.

ताई बारा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलापाशी उभी आहे. सतराव्या वर्षी लागली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उभं राहणं बंद, नाहीतर गुडघा कायमचा जाईल. कारखान्याच्या मालकीण बाई तशा वाईट नाहीत. त्यांनी सुचवलं की पॅटर्न, म्हणजे कापड कापायचे साचे, घरी बसून कॉम्प्युटरवर काढून दे. सॉफ्टवेअर ताईला येतं, वर्षभर जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर शिकली आहे. आता फक्त कॉम्प्युटर हवा. पहिलं काम अस्तराचा कोट, अकरा मापांत, वीस तारखेपर्यंत. ते जमलं तर वर्षाचं काम तिचं. नाही जमलं तर बाई बाहेरचा माणूस घेणार आणि ताई परत टेबलापाशी.

तिने दोन ठिकाणं सांगितली. चौकातलं काचेचं दुकान, तिथे नवे मिळतात. आणि गल्लीच्या टोकाला वैद्य. तो खरा वैद्य नव्हे. मेलेले कॉम्प्युटर जिवंत करतो म्हणून सगळे तसं म्हणतात. त्याच्याकडे एक जुना पण भारीतला आलाय म्हणे.

जाताना म्हणाली, ‘घाई करू नकोस, मोजणीदार. पण वीस तारीखही विसरू नकोस.’


बुधवार, ५ फेब्रुवारी.

काचेच्या दुकानात गेलो. आत थंड. टाय लावलेला एक विक्रेता, माझ्याच वयाचा. मला सर म्हणाला! छापखान्यात मला ‘ए’ म्हणतात.

त्याने दाखवलेला: यंदाचाच. राखाडी, पातळ. एक किलो चारशे ग्रॅम. बॅटरी नऊ तास. मेमरी चार जीबी. पडदा चौदा इंची. दोन वर्षांची वॉरंटी. एकतीस हजार पाचशे. यातला सगळ्यात स्वस्त आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, सर, सगळ्यात सुटसुटीत म्हणा.

ताईने पेनड्राइव्ह दिला होता. त्यात तिच्या फाइली. सॉफ्टवेअर टाकायला त्याने वीस मिनिटं घेतली, चेहरा न पाडता. फाइलींच्या यादीत पहिली होती ‘कोट – पूर्ण’, शेवटची ‘कॉलर’. पूर्ण कोट उघडायला गेलो असतो तर किती वेळ लागला असता कोण जाणे, आणि तो शेजारी हात बांधून उभा! कॉलर उघडली. घड्याळ लावलं. चार सेकंद.

एका पानावर आम्ही चाळीस लेबलं छापतो. एक तपासलं की चाळीस तपासली. सगळी एकाच साच्यातली.


गुरुवार, ६ फेब्रुवारी.

वैद्यांकडे जाऊन आलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने वाट बघायची. वैद्य बोलतात कमी. चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा टेबलावर शोधत असतात.

त्यांच्याकडचा: सात वर्षांचा. आधी घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात होता. काळा, धातूचा, झाकणावर ओरखडे. तीन किलो दोनशे. मी स्वतःच्या तराजूवर मोजला, वैद्यांनी भुवई उडवली पण हरकत घेतली नाही. मेमरी बत्तीस जीबी. पडदा सतरा इंची. बॅटरी चाळीस मिनिटं, म्हणजे वायर लावूनच बसायचं. पंखा घरघरतो. एकोणतीस हजार.

वॉरंटी? वैद्य म्हणाले, मी इथेच असतो.

कॉलर उघडली. नऊ सेकंद.

दुप्पट आणि वर एक. मी हे त्यांना मोठ्याने सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, ‘दुसरं काही उघडून बघायचंय का?’ मी म्हटलं, नको, अंदाज आला.

परतताना वाटत होतं की माणूस प्रामाणिक आहे, पण स्वतःच्या मालाबद्दल एक शब्द चांगला बोलत नाही. म्हणजे मालातच काहीतरी असणार.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

वहीचं पान उभं दुभागून दोन रकाने केले. वजन, बॅटरी, वॉरंटी, आवाज, वय, वेग: नव्याला सहा. मेमरी, पडदा, किंमत: जुन्याला तीन. सहा विरुद्ध तीन.

फोरमनला विचारलं. तो म्हणाला, जुनं घेतलंस तर जन्म त्या जिन्याखाली जाईल. त्याने स्वतः जुनी मोटरसायकल घेतली होती. दोन वर्षं तिला ढकलत कामावर यायचा, हे सगळ्या छापखान्याला माहीत आहे.


शनिवार, ८ फेब्रुवारी.

ताईने विचारलं, ठरलं का? म्हटलं, उद्या. तिने विचारलं, दोन्हीवर माझी फाइल चालवलीस? म्हटलं, चालवली. कोणती, असं विचारलं. मी म्हटलं, ‘तुझीच, पेनड्राइव्हमधली.’

खोटं नाही ते. पण इथे लिहिताना हात अडखळला.


रविवार, ९ फेब्रुवारी.

नवा घेतला.

एकतीस हजार पाचशे, बॅग साडेसहाशे, माउस साडेतीनशे. ताईचे बावीस हजार, माझे साडेचार, छापखान्याकडून उचल सहा. वॉरंटीच्या कागदावर माझं नाव छापून दिलं. एक अक्षर चुकलं होतं, बदलून घेतलं. टायवाला म्हणाला, सर, तुमच्यासारखी बारीक नजर कोणाची नसते.

घरी आणला तेव्हा आईने पदराला हात पुसून मगच झाकणाला लावला. ताईने खोका उघडला, हलकेच उचलला, क्षणभर हातात धरून ठेवला. म्हणाली, ‘छान आहे. हलका आहे.’

खोका बाजूला ठेवला. मीच बोलत होतो. सहा आणि तीन, चार सेकंद आणि नऊ सेकंद, सगळं सांगितलं. ती मान डोलावत होती.

मी खूश आहे. हे लिहून ठेवतो.


बुधवार, १२ फेब्रुवारी.

पूर्ण कोट उघडायला अकरा मिनिटं.

दोनदा मोजली. दुसऱ्यांदा तेरा.

उघडल्यावर एक रेघ हलवली की पडदा पांढरा. मग गोल फिरणारं चक्र. मग रेघ हलते. ताई हात मांडीवर ठेवून वाट बघते. कोटाचे तुकडे चौतीस, प्रत्येकाची मापं अकरा. म्हणजे तीनशे चौऱ्याहत्तर आकार एका वेळी! कॉलर म्हणजे त्यातले तीन तुकडे, एकाच मापात. ती नमुन्याची फाइल होती. तिच्यात अकरा मापं नव्हतीच.

हे मला आज कळलं. आठवड्यापूर्वी ताईला विचारलं असतं तर आठवड्यापूर्वी कळलं असतं.

एक लेबल तपासलं की चाळीस तपासली! लेबलं सारखी असतात, गाढवा. कोटाची बाही आणि कोटाची पाठ सारखी नसते.


गुरुवार, १३ फेब्रुवारी.

तीनदा बंद पडला. दुपारचं सगळं काम गेलं. ताई म्हणाली, मीच मधे जतन करायला हवं होतं. जतन करायला सहा मिनिटं लागतात.


शनिवार, १५ फेब्रुवारी.

ताईने वाट काढली आहे. कोट तोडला. पुढा वेगळ्या फाइलीत, पाठ वेगळी, बाही वेगळी, अस्तर वेगळं. एक एक तुकडा भराभर उघडतो. आई म्हणाली, पोरीने करून दाखवलंच की! ताई हसली. मला म्हणाली, तुझा लॅपटॉप लहान मुलासारखा आहे, एका वेळी एकच घास भरवायचा.

‘तुझा’ म्हणाली. टोमणा नव्हता तो. पण दिवसभर कानात आहे.

काळजी एकच, तीही तिनेच सांगितली. सगळे तुकडे एकत्र दिसत नाहीत. बाही मुंढ्यात, म्हणजे ती जिथे जोडतात त्या खांद्याच्या गोलाईत, बसते की नाही हे नेहमी दोन्ही समोरासमोर ठेवून बघायचं असतं. आता ती आकडे कागदावर उतरवून ताडते. मी म्हटलं, आकडे मी तपासतो, ते माझं काम आहे. ती म्हणाली, बरं.


मंगळवार, १८ फेब्रुवारी.

कामावरून आल्यावर दोन तास आकडे. एका रकान्यात मुंढ्याचा घेर, शेजारच्यात बाहीचा. ताईने सांगितल्याप्रमाणे बाही मुंढ्यापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त हवी, तेवढी शिवताना मुरते. अकरा मापं, अकरा ओळी. सगळ्या बरोबर. खाली सही केली, छापखान्यात करतो तशी.

खूप दिवसांनी पोटभर जेवलो.


गुरुवार, २० फेब्रुवारी.

काम दिलं. वेळेत! बाईंनी फोनवर शाबास म्हटलं. ताईने गुडघ्याला शेक घेत असतानाच फोन घेतला होता. तो ठेवल्यावर बराच वेळ पिशवी तशीच धरून बसली. थंड होऊन गेली तरी.


सोमवार, २४ फेब्रुवारी.

कसं लिहू.

बाह्या बसल्या नाहीत. लहान सहा मापं ठीक. वरच्या पाच मापांत बाही हवी त्यापेक्षा साडेतीन सेंटीमीटर मोठी. चाळीस कोटांचं कापड कापून झालं होतं. शिवणाऱ्या बायकांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मुंढ्यात बाही अशी गोळा झाली की, ताई म्हणाली, खांद्यावर फुगा बांधल्यासारखं दिसत होतं. हे सांगताना ती हसली. मी नाही हसलो.

मी कागद काढून बसलो. माझे अकरा आकडे बरोबरच आहेत. पण त्या पाच मापांच्या बाह्या ताईने एकोणीस तारखेला दुपारी दुरुस्त केल्या होत्या, बाईंनी खांदा बदलायला सांगितला म्हणून. मुंढा दुसऱ्या फाइलीत. तिथला बदल जतन होताना लॅपटॉप बंद पडला. तिला वाटलं, झाला असेल. सगळं एकाच फाइलीत असतं तर डोळ्यांना दिसलंच असतं. शाळकरी पोरालाही दिसलं असतं.

बाईंनी कापडाचे छत्तीसशे कापले. आरडाओरडा केला नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, तुझा हात चांगला आहे, पण हत्यार चांगलं नाही. काम बाहेरच्या माणसाला दिलं. वर्षाचं.

ताई पुढच्या सोमवारपासून परत टेबलापाशी.


मंगळवार, २५ फेब्रुवारी.

अर्धी सुट्टी टाकून काचेच्या दुकानात गेलो. वॉरंटीचा कागद घेऊन, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला, एक घडी नाही. म्हटलं, परत घ्या, किंवा फरक घेऊन मोठा द्या. टायवाल्याने सुरू करून बघितला. सगळी बटणं दाबून बघितली. म्हणाला, सर, यात बिघाड काहीच नाही. बंद पडला की आणा, दोन वर्षांत केव्हाही. हा तर चालतोय.

चालतोय! मी ज्या कागदासाठी घेतला तो कागद खरा आहे, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि माझ्या काडीच्या उपयोगाचा नाही. मोडेल म्हणून घाबरलो होतो. मोडलं काहीच नाही.

त्याने मला शेवटपर्यंत सर म्हटलं. खरं सांगायचं तर त्याच एका शब्दासाठी मी पाच तारखेलाच ठरवून टाकलं होतं. रकाने नंतर आखले.


रविवार, २ मार्च.

ताई घरी. पाय उशीवर. गुडघा वांग्यासारखा सुजलाय. उद्यापासून आठ तास.

दुपारी तिच्याजवळ जाऊन बसलो. सांगून टाकलं. म्हटलं, ताई, मी फक्त कॉलर उघडून बघितली होती. पूर्ण कोट नाही. विक्रेता शेजारी उभा होता, मला लाज वाटली.

ती छताकडे बघत होती. म्हणाली, ‘कळलं होतं मला. चार सेकंद म्हणालास तेव्हाच.’

‘मग तेव्हाच बोलली का नाहीस?’

‘घेऊन आला होतास ना. काय बोलायचं?’

मग कूस बदलली. म्हणाली, पाण्याचा तांब्या जरा इकडे सरकव. सरकवला. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडते ती आई, आणि आईही या वेळी ओरडलेली नाही. आई माझ्यासमोर बोलायची थांबली आहे, एवढंच.


मंगळवार, ४ मार्च.

ताई जिना एक एक पायरी करून चढते. दोन्ही पाय एका पायरीवर, मग पुढची. अठरा पायऱ्या. मी आत बसून मोजल्या. उठून हात द्यायला गेलो नाही. तिला आवडलं नसतं, असं स्वतःला सांगितलं.

उद्या वैद्यांकडे जातो. याची मेमरी वाढवता आली तर बाईंच्या पाया पडून पुन्हा विचारता येईल.


बुधवार, ५ मार्च. सायंकाळी सात.

वैद्यांनी मागचे स्क्रू काढून दाखवलं. मेमरी बोर्डालाच जोडलेली. वाढत नाही.

मी विचारलं, तो जुना? विकला, म्हणाले, पंधरा दिवस झाले. मग म्हणाले, तुम्ही त्या कोटवाल्या बाईंचे भाऊ ना? आणि वही उघडून माझ्याकडे फिरवली. एकतीस जानेवारी. ताईचं नाव. काळा लॅपटॉप, इसार पाचशे.

मी गेलो त्याच्या सहा दिवस आधी!

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं उतरवतो. ‘तासभर बसल्या होत्या. अख्खा कोट उघडला, सगळ्या मापांचा. दीड मिनिट लागलं. म्हणाल्या, हाच. पण भाऊ येईल, त्याला काही सांगू नका. तो बारीक बघतो, तोही हाच उचलेल. त्याने निवडला असं होऊ दे. तोवर कोणाला देऊ नका.’

तुम्ही दुसरा घेतल्यावर त्या येऊन सांगून गेल्या, म्हणाले. इसार परत देत होतो. घेतला नाही. तुमचं गिऱ्हाईक माझ्यामुळे परत गेलं, ठेवा, म्हणाल्या.

घरी आलो. ताई अजून कामावरून यायची आहे. हिशेब पुन्हा मांडला.

खर्च: लॅपटॉप ३१,५००. बॅग ६५०. माउस ३५०. कापडाचे कापले ३,६००. इसार ५००. एकूण ३६,६००.

छापखान्याची उचल ६,०००. पगारातून कापले १,०००. देणे ५,०००.

ताईचे: लॅपटॉपला २२,०००. कापडाचे ३,६००. इसार ५००. देणे २६,१००. यातले पाचशे तिने मला सांगितलेले नाहीत.